तिकीट, देणगी की जाहिरात? संस्थांच्या कार्यक्रमांचे कर आणि नोंदणी

या वेळच्या पत्रांत एक समजूत पुन्हा पुन्हा दिसते : ‘आमची संस्था धर्मादाय आहे, म्हणजे आमच्या कार्यक्रमाला कर नाही.’ कर खाती तसं पाहत नाहीत. पैसा कोणत्या नात्याने आला ते आधी ठरतं : तिकीट म्हणून, देणगी म्हणून, जाहिरातीपोटी की स्टॉलच्या भाड्यापोटी. सवलतीचा विचार त्यानंतर. खालची बहुतेक उत्तरं याच धाग्याने चालतात.

एक सूचना. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण ‘८० जी’ (देणगीदाराला आयकरात मिळणारी वजावट) म्हटल्यावर सगळ्यांना जे कळतं ते नव्या क्रमांकाने अजून कळत नाही, म्हणून इथे जुने क्रमांकच ठेवले आहेत. फॉर्म भरताना नवा क्रमांक बघून घ्या.

प्रश्न : आमची शास्त्रीय संगीताची संस्था आहे. डिसेंबरात दोन दिवसांची मैफल ठरवली आहे. तिकिटं ३००, ५०० आणि ८०० रुपये. १२ एबी (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरमाफी देणारी) आणि ८० जी अशा दोन्ही नोंदण्या आहेत. पूर्वी ज्येष्ठ सभासद कलेक्टर कचेरीतून करमणूक करमाफी आणायचे. ती आता कुठे मिळते? – कार्यवाह, सहकारनगर

कुठेच नाही. राज्याचं करमणूक शुल्क १ जुलै २०१७ला जीएसटीत विलीन झालं आणि त्याबरोबर त्या माफीचा अर्जही संपला. आता माफी मागायची नसते, ती लागू होते का एवढंच पाहायचं असतं.

लागू होणारी तरतूद सोपी आहे. गायन-वादन, नाटक, नृत्य, पुरस्कार सोहळा अशा कार्यक्रमांचं प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ही सवलत धर्मादाय संस्थेलाच असते असं नाही, एखाद्या व्यावसायिक ठेकेदारालाही तीच. १२ एबी नोंदणी असलेल्यांसाठी ‘धर्मादाय कार्या’ची वेगळी माफी आहे खरी, पण तिची व्याख्या आवळलेली आहे : सार्वजनिक आरोग्य, धर्म-अध्यात्म-योग, पर्यावरण, अनाथ वगैरे ठरावीक गटांचं शिक्षण. मैफल तिच्यात बसत नाही. तेव्हा तुमची ३०० आणि ५०० ची तिकिटं मोकळी, ८०० चं करपात्र. कर लागला तर पूर्ण ८०० वर १८ टक्के लागतो, वरच्या ३०० वर नव्हे. हा गैरसमज फार जणांचा आहे.

आता पळवाटांविषयी, कारण त्या सुचतातच. ‘५०० चं तिकीट आणि ३०० ऐच्छिक देणगी’ असं छापून पहिल्या चार रांगा देणगी देणाऱ्यांनाच ठेवल्या, तर ती देणगी ऐच्छिक राहत नाही; खुर्चीची किंमत ८०० च धरली जाईल. जोडप्याचा १,००० चा पास चालतो, पण त्यावर ‘दोन व्यक्ती, प्रत्येकी ५००’ असं छापा. दोन दिवसांचा एकच पास ९०० ला काढू नका. ४५० ची दोन तिकिटं काढा आणि ज्याला एकच दिवस यायचं आहे त्याला एकच विकत मिळू द्या. एका कागदावर ९०० दिसले की वाद ओढवून घेतलाच समजा.

८०० वर कर भरायचा की नाही हे मात्र नोंदणीवर ठरतं. सेवा देणाऱ्यांना नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाख. घोळ होतो तो इथे. या २० लाखांत करमाफ उत्पन्नही धरतात आणि ते संस्थेच्या पॅनवर संपूर्ण वर्षाचं असतं, एका कार्यक्रमाचं नव्हे. समजा एका दिवसाची विक्री ३०० ची ४००, ५०० ची २०० आणि ८०० ची १०० तिकिटं. म्हणजे तीन लाख. दोन दिवसांचे सहा. प्रायोजकांकडून तीन लाख, बाहेरच्या स्टॉलचं भाडं ४० हजार. झाले ९ लाख ४० हजार. खजिनदार इथे वही मिटतात. पण संस्थेच्या गायन वर्गांची वर्षाची फी ९ लाख असेल (ती करमाफ असो वा नसो, बेरजेत येते), आणि ठेवींचं व्याज अडीच लाख असेल (ते करमाफ सेवेचं उत्पन्न म्हणून धरून चालावं), तर आकडा २० लाख ९० हजारांवर जातो. निव्वळ देणग्या या बेरजेत येत नाहीत. मर्यादा ओलांडल्यावर ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. ज्यांचं सगळंच उत्पन्न करमाफ आहे त्यांना कितीही उलाढाल असली तरी नोंदणी लागत नाही. तुमच्याकडे मात्र ८०० चं तिकीट, प्रायोजक आणि स्टॉल असे तीन करपात्र प्रकार आहेत.

नोंदणी असेल तर दर ठरवताना कर आत की वर ते आधी ठरवा. तिकिटावर नुसतं ‘८००’ छापलंत की ते करासह धरलं जातं आणि त्यातले १२२ रुपये सरकारचे. संस्थेच्या हाती ६७८. नोंदणी नसेल तर तिकिटावर ‘जीएसटीसह’ हे शब्द चुकूनही नकोत. कर म्हणून गोळा केलेली रक्कम सरकारजमा करावीच लागते.

कलाकारांच्या बाजूने : लोककला आणि अभिजात गायन, वादन, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्याचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ख्यालगायकाला हे लागू, चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्राला नाही. मांडव आणि ध्वनियंत्रणेच्या कंत्राटदाराचं एक बिल ३० हजारांवर किंवा वर्षाची बेरीज एक लाखावर गेली की टीडीएस कापायचा : व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, फर्म वा कंपनी असेल तर दोन. त्यासाठी संस्थेकडे टॅन (टीडीएस कापून भरणाऱ्याचा क्रमांक) हवा. तो कार्यक्रमानंतर काढायला धावू नका. आणि कंत्राटदाराला दिवसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख देऊ नका. तेवढा खर्च आयकरात नामंजूर होतो.

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावरचे एक सराफ वार्षिक संमेलनाला एक लाख देत आहेत. त्यांना ८० जी ची पावती हवी आणि रंगमंचावर बॅनरही हवा. दोन्ही देता येईल का? – खजिनदार, नारायण पेठ

नाही. मोबदला घेतला की देणगी राहत नाही.

रेषा कुठे आहे ते जीएसटीच्या ११ ऑक्टोबर २०१९च्या परिपत्रकात चांगलं सांगितलं आहे. देणगीदाराचं नाव कृतज्ञता म्हणून लावलं, त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल आणि हेतू परोपकाराचा असेल, तर ती देणगी, कर नाही. म्हणजे कोपऱ्यात ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ श्री. अमुक यांच्याकडून’ एवढी पाटी चालेल. पेढीचं नाव, बोधचिन्ह, ‘शुद्ध सोन्याची खात्री’, शाखांचे पत्ते आणि फोन नंबर असा बारा फुटी फलक लावला की ती प्रायोजकत्वाची सेवा झाली. स्मरणिकेतली पानभर जाहिरात तर जाहिरातच.

सराफांना समजवायला एक मुद्दा पुरतो. प्रायोजकत्वाचा खर्च त्यांना धंद्याचा खर्च म्हणून पूर्ण वजा मिळतो. ८० जी खाली निम्माच, तोही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या कमाल मर्यादेत. वर त्यांनी नवी करप्रणाली घेतली असेल तर ८० जी ची वजावट शून्य. हा हिशेब दाखवला की बहुतेक व्यापारी पावतीचा हट्ट सोडतात.

प्रायोजकत्वावरचा जीएसटी कोण भरणार? तुमची संस्था न्यास किंवा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी असेल आणि प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी पेढी असेल, तर कर तेच परस्पर भरतात. पत्रव्यवहारात तसं लिहून घ्या. सराफ एकटे मालक असतील तर जबाबदारी तुमची, अर्थात नोंदणी असेल तर. कलम ८ ची (कंपनी कायद्याखालची ना-नफा) कंपनी काढून काम करणाऱ्यांनी नीट वाचावं : १६ जानेवारी २०२५पासून संस्था कंपनी असेल तर प्रायोजकत्वावरचा कर तिनेच बिलात लावून भरायचा आहे.

खरी देणगी असेल तेव्हाची शिस्त अशी. २,००० रुपयांवरची रोख देणगी ८० जी ला चालत नाही. देणगीदाराचा पॅन आणि पत्ता पावतीवर घ्या. वर्षभराच्या देणग्यांचं फॉर्म १० बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरायचं आणि त्यातून निघणारं १० बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. वजावट त्या प्रमाणपत्रावर मिळते, तुमच्या छापील पावतीवर नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. तिकिटाच्या रकमेची ८० जी पावती कधीच द्यायची नाही.

शेवटी एक धोका, जो कला-संस्कृतीच्या संस्थांनाच जास्त आहे. ‘कलांचा प्रसार’ हे उद्दिष्ट आयकरात ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ गटात मोडतं. या गटातल्या संस्थेचं व्यापारी स्वरूपाचं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेलं तर त्या वर्षाची करमाफी जाते. जमा २५ लाख आणि त्यात जाहिराती, प्रायोजक, स्टॉल मिळून सात लाख, म्हणजे २८ टक्के, अडचण आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२च्या निकालात खर्चाएवढं किंवा नाममात्र जास्त शुल्क व्यापारी धरू नये असं म्हटलं आहे, त्यामुळे माफक तिकिटांची बाजू मांडता येते. जाहिरातींची मांडता येत नाही. या उत्पन्नाची हिशेबवही वेगळी ठेवा आणि जानेवारीतच टक्केवारी काढून बघा. मार्च संपल्यावर काही करता येत नाही.

प्रश्न : आमचं मंडळ बरीच वर्षं गणपती बसवतं, पण नोंदणी नाही. वर्गणीसाठी नेमकं काय लागतं? – कार्यकर्ता, धनकवडी

नोंदणी नसलेल्यांनी धार्मिक वा धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागेचा कागद आणि मागच्या वर्षीचा हिशेब तयार ठेवा. अर्ज अडकतात ते बहुतेक या शेवटच्या कागदापायी. हिशेब म्हणजे ‘जमा ३,४०,०००, खर्च ३,४०,०००’ अशी दोन ओळींची चिठ्ठी नव्हे. पावतीपुस्तकं कोणत्या क्रमांकापासून कोणत्यापर्यंत वापरली, कोरी किती उरली, मांडव-ध्वनी-मूर्तीची बिलं आणि शिल्लक कुठे ठेवली, एवढं हवं.

ही परवानगी तात्पुरती असते. मंडळाची तालीम (व्यायामशाळा), ढोल-ताशे, बँकेत वर्षभर पडून असलेली रक्कम असं काही असेल तर ती सार्वजनिक मालमत्ताच झाली. तिथे कायमची नोंदणी करणं कायद्याला अपेक्षित आहे आणि सोयीचंही. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करायला किमान सात सभासद लागतात. त्यानंतर त्याच संस्थेची विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंद होऊन ‘एफ’ क्रमांक मिळतो. दोन्ही प्रमाणपत्रं लागतात. पुष्कळ मंडळं पहिलं घेऊन थांबतात आणि बँक किंवा आयकर पोर्टल दुसरं मागतं तेव्हा जागी होतात.

प्रश्न : आमची नोंदणी जुनी आहे, पण बँकेने सह्या बदलायला नकार दिला आहे. परिशिष्टावरचे (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवरचे) पाचपैकी तीन विश्वस्त हयात नाहीत. कार्यक्रम दोन महिन्यांवर आला आहे. – अध्यक्ष, कसबा पेठ

निवडणूक झाली, विश्वस्त गेले, पत्ता बदलला, की त्याच १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तुमच्याकडे बहुधा लागोपाठ अनेक बदल राहिले आहेत. ते तारखेच्या क्रमानेच द्यावे लागतील. मधला एक गाळून एकदम आजची कार्यकारिणी लिहिली तर ‘यांना निवडणारे सभासद कोण?’ या प्रश्नावर अर्ज अडतो. प्रत्येक अर्जाला सभेची सूचना, इतिवृत्ताचा उतारा, नव्या विश्वस्तांची संमती, गेलेल्यांचे मृत्यू दाखले, आणि ९० दिवस उलटले असतील तर उशीर माफ करण्याचा सकारण अर्ज जोडा. घटनेत गणपूर्ती किती आणि सूचना किती दिवस आधी द्यायची ते वाचून मगच इतिवृत्ताची प्रत काढा; नेमके तिथेच अर्ज फेटाळले जातात.

दोन महिन्यांत हे सगळं मार्गी लागेल अशी आशा धरू नका. हयात असलेल्या दोघांच्या सह्या जुन्या खात्यावर चालत असतील तर हा कार्यक्रम त्यांच्या सहीने पार पाडा. कुणा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड दाराशी लावणं हा मात्र सर्वांत वाईट मार्ग. तो पैसा कागदावर त्याचा होतो आणि आयकरात उत्तरही त्यालाच द्यावं लागतं.

प्रश्न : कार्यक्रमाच्या दाराशी दानपेटी ठेवतो. गुप्तदानाला कर आहे का? – विश्वस्त, कोथरूड

आहे, ठरावीक रकमेच्या वर. देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदलेला नसेल तर ते निनावी दान, आणि त्यावर ३० टक्के कर. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यांत जे जास्त तेवढं मोकळं. एकूण देणग्या सहा लाख धरल्या तर पाच टक्के म्हणजे ३० हजार, त्यामुळे लाखाची मर्यादा लागू. पेटीत १ लाख ६० हजार निघाले तर ६० हजारांवर १८ हजार कर. पूर्णपणे धार्मिक न्यासाला, म्हणजे देवस्थानाला, हा कर नाही.

उपाय साधा आहे. पेटीशेजारी एक वही आणि माणूस बसवा. ज्यांना नाव सांगायला हरकत नाही त्यांना पावती द्या. पेटी दोन विश्वस्तांसमोर उघडा, नोटांची वर्गवारी लिहा, सह्या घ्या, आणि रक्कम पूर्ण बँकेत भरा. पेटीतूनच चहावाल्याचे पैसे देऊन उरलेले भरण्याची सवय लेखापरीक्षणात नडते.

प्रश्न : आम्ही बेळगावचे. एका नाटकाचा प्रयोग मदतनिधीसाठी पुण्यात लावतोय. महाराष्ट्रात वेगळी नोंदणी लागेल? – एक वाचक, बेळगाव

तिकीट ५०० किंवा कमी आणि दुसरं काही करपात्र नाही, तर नाही. त्याहून महाग तिकीट ठेवलंत तर २० लाखांची मर्यादा तुमच्या कामाची नाही. ज्या राज्यात कायमचं ठिकाण नाही तिथे ‘कॅज्युअल’ (तात्पुरता) करदाता म्हणून आधी नोंदणी करावी लागते. अर्ज कार्यक्रमाच्या निदान पाच दिवस आधी द्यायचा, अंदाजे कर आगाऊ भरायचा, आणि नोंदणी ९० दिवसांपर्यंतची मिळते. एवढ्या खटपटीपेक्षा ५०० चं तिकीट परवडतं.

मात्र संहितेला महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते पाहा. कर्नाटकात प्रयोग झाले असतील, पण इथे प्रयोग करायचा तर ते लागतं.

प्रश्न : सोसायटीच्या मैदानावर विनामूल्य गाण्यांचा कार्यक्रम आहे. रात्री अकरापर्यंत चालेल का? गाण्यांचे हक्क वगैरे भानगड असते का? – सचिव, वारजे

उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद. वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त १५, रात्री १२ पर्यंत सूट असते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि त्यांतले बरेचसे गणेशोत्सव-नवरात्रात जातात. तुमचा दिवस त्या यादीत नसेल तर अकरा विसरा. बालगंधर्व किंवा टिळक स्मारकसारख्या बंदिस्त सभागृहाला हा दहाचा नियम तसाच लागत नाही, मैदानाला लागतो. निवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दोन मोठे स्पीकर लावले की ती केव्हाच ओलांडली जाते, म्हणून ते प्रेक्षकांकडे झुकवून ठेवा, इमारतींकडे नव्हे. परवानगीचा अर्ज पोलिस ठाण्यात. मांडव रस्त्यावर येत असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातही.

हक्कांचं म्हणाल तर हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर गाणी म्हटली तर कॉपीराइट कायद्यात त्याला मोकळीक आहे. व्यावसायिक वाद्यवृंद बोलावला किंवा तिकीट लावलं की ती मोकळीक संपते आणि गीत-संगीताच्या हक्कांचा परवाना घ्यावा लागतो.

प्रश्न : तिकिटांच्या नंबरांची सोडत काढून दुचाकी बक्षीस द्यायची आहे. शिवाय अमेरिकेतला पुतण्या ५०,००० पाठवतोय. – एक वाचक, बिबवेवाडी

सोडत टाळा. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस म्हणजे लॉटरी, आणि तिच्यावर महाराष्ट्रात १९५८ पासून नियंत्रण कायदा आहे. शिवाय १० हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस, आणि बक्षीस वस्तूचं असेल तर कर भरल्याशिवाय ती हवाली करता येत नाही. विजेता दुचाकीच्या किल्ल्या घ्यायला येणार आणि तुम्ही त्याच्याकडे ३० टक्के मागणार, हा प्रसंग मंचावर नको.

पुतण्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याचे पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. त्याच्या वैयक्तिक खात्यातून येऊ द्या आणि पासपोर्टची प्रत फाइलला लावा. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असूनही तो परदेशीच. मग एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खाते असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.